राजाचा घोडा अडवणारा मुलगा

आठव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मीरचा ललितादित्य मुक्तापीड आणि कनौजचा यशोवर्मा यांची लढाई फार लांबली. दोन्हीकडचे सैन्य कंटाळले, तहाची बोलणी झाली, मसुदाही लिहून तयार झाला. त्याच्या मथळ्यात यशोवर्म्याचे नाव आधी आणि ललितादित्याचे नंतर होते. काश्मीरचा मंत्री मित्रशर्मा याने नेमके त्यावर बोट ठेवले. आमच्या राजाचे नाव दुसरे का, एवढ्या एका हरकतीवर तह मोडला. घरी परतायला आसुसलेले सेनापती कुरकुरले, पण ललितादित्याने मंत्र्याचीच बाजू घेतली. पुढे यशोवर्म्याचा पराभव झाला.

ही हकिगत कल्हणाने बाराव्या शतकाच्या मध्याला ‘राजतरंगिणी’त लिहून ठेवली आहे. तिथेच त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती यांच्यासारखे कवी होते, त्या राजावर जेत्याचे गुण गाणारा भाट होण्याची वेळ आली, असे तो म्हणतो.

यातला भवभूती आपल्या गोंदिया जिल्ह्याचा. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेला आमगाव लागते, आणि आमगावजवळ पदमपूर हे गाव आहे. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःचा पत्ता दिला आहे: दक्षिणापथातले पद्मपूर. ‘मालतीमाधवा’च्या पाठात विदर्भाचाही उल्लेख येतो. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे मांडले. मिराशी वाकाटकांच्या लेखांचे जाणकार. दुर्ग जिल्ह्यात सापडलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हे त्यांच्या हाताशी होते. म्हणजे भवभूतीच्या आधी दोन-अडीचशे वर्षे या धानपट्ट्यात राजाज्ञा निघण्याइतके मोठे ठाणे होते. मिराशींनी लिहिले तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचेच नाव आहे.

भवभूतीचे घराणे काश्यप गोत्री, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. पूर्वजांत वाजपेय यज्ञ केलेला एक महाकवी होता. कल्हण त्याला यशोवर्म्याच्या पदरी दाखवतो, पण इतकी सविस्तर ओळख देणारा हा कवी स्वतः तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनेत एकाही आश्रयदात्या राजाचे नाव घेत नाही. तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांसमोर होत आहेत, असे सूत्रधार सांगतो. कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल असे काही अभ्यासक मानतात, तर मिराशींच्या मते ते यमुनाकाठच्या काल्पीचे दैवत. देऊळ कुठलेही असो, प्रेक्षक यात्रेकरू होते. राजाच्या महालातल्या रंगशाळेसाठी ही नाटके लिहिलेली नव्हती. नाटककाराच्या स्वातंत्र्याची ही गोष्ट त्या यात्रेपासून सुरू होते, कारण यात्रेतल्या माणसापुढे राजाची भीड धरावी लागत नाही.

त्या काळाची हवा मात्र लढायांची होती. ७१२ साली अरब सैन्याने सिंध जिंकला होता. उत्तरेला तिबेटची सत्ता हातपाय पसरत होती, आणि तिला तोंड द्यायला चीनच्या तांग दरबाराला हिंदुस्थानातले मित्र हवे होते. यशोवर्म्याने ७३१ साली चीनला वकील पाठवल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. ललितादित्याचाही दूत तिकडे गेला होता. मध्यदेशाच्या राजासह आपण तिबेटच्या पाच वाटा रोखून धरल्या आहेत, असे त्याने चिनी सम्राटाला कळवले. हा मध्यदेशाचा राजा म्हणजे यशोवर्माच, असे इतिहासकार मानतात. म्हणजे जे दोघे मथळ्यातल्या नावावरून तह मोडून बसले, ते आधी एकाच शत्रूविरुद्ध एका बाजूला उभे होते.

अशा काळात राजाला आपली गाणी लिहिणारा लागतो, आणि यशोवर्म्याला तो मिळाला. वाक्पतिराजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘गउडवहो’ लिहिले. मराठीची पूर्वज असलेल्या भाषेतले हे बाराशेहून अधिक गाथांचे काव्य यशोवर्म्याच्या दिग्विजयाचे आहे. गौड राजाचा वध, वंगावरची स्वारी, पारसिकांशी झुंज, असा त्याचा पसारा. त्यातल्या सूर्यग्रहणाच्या उल्लेखावरून हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने १४ ऑगस्ट ७३३ ही तारीख काढली, आणि त्या आधाराने यशोवर्म्याचा काळ ठरवायला मदत झाली. वाक्पतिराज चांगला कवी होता आणि मनाचा मोठाही. भवभूतीच्या सागरातून निघालेल्या अमृताचे थेंब आपल्या काव्यात चमकतात, अशी कबुली त्याने दिली आहे. पण ज्याच्या विजयाचे काव्य त्याने रचले, तो राजा पुढे हरला. भवभूतीने विजयगाथा लिहिलीच नाही. त्याने राजाचे वागणे तपासायला घेतले, आणि त्यासाठी राजा निवडला तोही थेट राम.

पहिल्या ‘महावीरचरिता’त त्याने रामकथेला राजकारणाच्या सोंगट्या लावल्या. रावणाचा मंत्री माल्यवान इथे सगळी सूत्रे हलवतो. परशुरामाला रामावर घालतो, मंथरेच्या रूपात शूर्पणखेला अयोध्येच्या राजघराण्यात घुसवतो, वालीला चिथावून रामाच्या वाटेत उभा करतो. वनवासाचे कारण घरातली सवतमत्सराची भानगड उरत नाही, ते परराज्याचे कारस्थान होते. वालीप्रकरणाचा रामाला लागणारा बोलही त्यामुळे बराच हलका होतो. ‘मालतीमाधवा’त राजाला आपल्या मर्जीतल्या नंदनाशी मालतीचे लग्न लावायचे आहे. कामंदकी नावाची बौद्ध संन्यासिनी ती राजाज्ञा जाहीर विरोध न करता हाणून पाडते. याच नाटकाच्या सुरुवातीला भवभूती आपल्याला तुच्छ लेखणाऱ्यांना सरळ उत्तर देतो. हा खटाटोप तुमच्यासाठी नाही. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कोणी तरी कुठे तरी जन्मेल, असा त्याचा आशय आहे. तुच्छ लेखल्या गेलेल्या लेखकाने आपला वाचक भविष्यात शोधला.

‘उत्तररामचरित’ हे त्याचे सर्वांत प्रौढ नाटक. लंका जिंकून झाली आहे, राज्याभिषेक झाला आहे. आता जिंकलेल्या राजाचा हिशेब करायचा आहे. लोकांना खूश ठेवण्यासाठी स्नेह, दया, सुख, प्रसंगी जानकीही सोडीन, असे राम पहिल्याच अंकात बोलून जातो. मग दुर्मुख हेर लोकापवादाची बातमी आणतो. रामाच्या हातावर डोके ठेवून गरोदर सीता झोपलेली असते, आणि त्याच वेळी तिला वनात सोडायचे ठरते.

त्याआधी प्रस्तावनेत सूत्रधाराच्या तोंडी एक वाक्य येते. लोक स्त्रीच्या शुद्धतेबद्दल जसे वाईट बोलायला टपलेले असतात, तसेच शब्दांच्या शुद्धतेबद्दलही, असा त्याचा अर्थ. या एका वाक्यात सगळ्या नाटकाची किल्ली आहे. सीता आणि कवीची वाणी यांना भवभूतीने एकाच पिंजऱ्यात उभे केले. दोघींवर आळ घेणारे तेच, आणि पुरावा न बघता निकाल देणारेही तेच. कलावंताला राजाचे भय असते हे सगळेच जाणतात. जमावाचे भय त्याहून जवळचे असते, आणि राजा त्या जमावाला भिऊन वागू लागला की दाद मागायला जागाच उरत नाही, हे या विदर्भाच्या माणसाने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुढचे अंक म्हणजे एकामागून एक झालेली उलटतपासणी. दंडकारण्यात वनदेवता वासंती रामाला तोंडावर विचारते, असे का केलेस? लोकांना सहन झाले नाही, एवढेच तो सांगू शकतो. सीता तिथेच अदृश्य उभी राहून सगळे ऐकते. वाल्मीकींच्या आश्रमात आलेला जनक लेकीच्या दुःखाने पेटून उठतो. धनुष्य उचलावे की शाप द्यावा, या विचाराला तो येऊन पोचतो. राजाला असे प्रश्न विचारायला भवभूतीने बाई, बाप आणि शेवटी मूल पुढे केले.

मुलाचा प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. आश्रमातल्या पोरांना त्या दिवशी सुट्टी आहे. धावत येऊन ती लवाला सांगतात, घोडा नावाचे जनावर आले आहे. आणि वर्णन करतात: मागे लांब शेपूट, ती सारखी हलवतो, मान उंच, खूर चार, गवत खातो, आंब्याएवढ्या लेंड्या टाकतो. हा अश्वमेधाचा घोडा, चक्रवर्ती राजाच्या सत्तेची चालतीबोलती निशाणी! जो अडवेल त्याने लढायला उभे राहायचे, नाहीतर मांडलिक व्हायचे. पोरांना मात्र त्यात शेपूट आणि शेण दिसते. साम्राज्याच्या निशाणीकडे इतक्या निर्मळ नजरेने बघणे संस्कृत रंगभूमीवर विरळाच.

सैनिक राजाच्या पराक्रमाची द्वाही फिरवतात. लवाला ती भाषा झोंबते. पृथ्वीवर दुसरे क्षत्रियच उरले नाहीत का, असे तो विचारतो, आणि पोरांना सांगतो, ढेकळे मारत घोडा वळवा, हरणांच्या कळपात चरू दे. सैनिकांची शस्त्रे चमकताच बाकीची पोरे पळतात. लव धनुष्याला दोरी चढवतो.

पाचव्या अंकात लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू त्याच्यासमोर येतो. दोघेही सभ्य, एकमेकांना मान देणारे. बोलण्यात रामाचा गौरव निघतो, तेव्हा लव म्हणतो, थोरांच्या चरित्राची चिकित्सा आपण कशाला करावी! आणि लगेच ती करतो. त्राटिका ही स्त्री, तिला मारूनही कीर्तीला डाग नाही. खराशी लढताना तीन पावले मागे सरकणे झाले. इंद्राच्या मुलाला, वालीला, मारताना दाखवलेले कौशल्यही जगाला ठाऊक आहे. चंद्रकेतू संतापतो आणि लढाई जुंपते. पहिल्या नाटकात ज्या वालीप्रकरणाचा बोल भवभूतीने इतक्या खटाटोपाने हलका केला होता, ते त्याने इथे मुद्दाम पुन्हा उकरून काढले, आणि ते रामाच्याच मुलाच्या तोंडून. यात्रेला आलेल्या लोकांना रामाबद्दल आदर असणार. त्यांच्यासमोर हे संवाद झाले, आणि नाटक जपले गेले, नकलून ठेवले गेले, शतकानुशतके पाठशाळांत शिकवले गेले.

भवभूतीच्या धैर्याला मर्यादा होती, तीही सांगायला हवी. दुसऱ्या अंकात शंबूकवध येतो. तप करणाऱ्या शूद्रावर शस्त्र उचलताना राम आपल्याच उजव्या हाताला कठोर बोल लावतो. गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या हाता, तुला दया कुठली, असे म्हणतो. वधानंतर शंबूक दिव्य रूपात येऊन रामाचे आभार मानतो. सीतेच्या बाजूने राजाला पिंजऱ्यात उभे करणारा कवी शंबूकाच्या बाजूने तसा उभा राहिला नाही. राजाचा हात थरथरला, पण प्रश्न विचारायला कोणी वासंती आली नाही. विदर्भाच्या मातीत नंतर जातीच्या प्रश्नावर जे मोठे सामाजिक मंथन झाले, त्यानंतर हा अंक पूर्वीसारखा वाचता येत नाही, येऊही नये. थोरांच्या चरित्राची चिकित्सा करायला लवाने शिकवले आहे. ती थोर नाटककाराचीही व्हावी.

सातव्या अंकात भवभूतीने सगळ्यात मोठे स्वातंत्र्य घेतले. वाल्मीकींच्या रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. इथे तसे होत नाही. गंगेच्या काठावर वाल्मीकींनी लिहिलेले नाटक अप्सरा सादर करत आहेत, आणि प्रेक्षकांत अयोध्येच्या प्रजेसह राम बसला आहे. रंगमंचावर प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेली सीता गंगेत उडी घेते. गंगा आणि पृथ्वी एकेक बाळ हातात घेऊन वर येतात. पृथ्वी रामावर रागावलेली आहे. प्रेक्षकांतला राम राहवत नाही म्हणून रंगमंचावरच्या सीतेला हाका मारू लागतो. लक्ष्मणाला त्याला सांगावे लागते, हे नाटक आहे. मग खरी सीता येते. अरुंधती जमलेल्या प्रजेला खडसावते, आणि ज्यांच्या कुजबुजीने सीता वनात गेली, ते लोक तिला नमस्कार करतात.

या अंकाचा अर्थ मी असा लावतो. राजाकडून न्याय झाला नाही, कारण राजा लोकांना भ्याला. लोकांकडून झाला नाही, कारण त्यांना खरे काय ते दिसले नव्हते. ते नाटकाने दाखवले. राजा आणि रयत एकाच जमिनीवर प्रेक्षक म्हणून बसली, आपण काय केले ते दोघांनी पाहिले, आणि मगच दुरुस्ती झाली. नाटक समाजाला कशासाठी लागते, याचे याहून पक्के उत्तर मला ठाऊक नाही. आणि ते देण्यासाठी त्याने आदिकवीने लिहिलेला शेवट बदलला. त्या काळीही कोणी तरी विचारलेच असेल, रामायण बदलणारा हा कोण?

हेच नाटक मराठीत १८५९ साली आले. परशुरामतात्या गोडबोले यांनी ‘उत्तररामचरिता’चे भाषांतर केले. १८७६ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत ‘मालतीमाधवा’ची संपादित आवृत्ती काढली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. काळाला अंत नाही म्हणणाऱ्या कवीचा ग्रंथ आणि नाटके थांबवणारा कायदा मराठी माणसाला एकदमच मिळाले.

त्या कायद्याचा वार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर झाला. १९०७ साली आलेल्या या नाटकात माजी व्हाइसरॉय कर्झनचे नाव कुठेही नव्हते. पण कीचक कोण, द्रौपदी कोण, सबुरीचा धर्मराज आणि संतापलेला भीम म्हणजे कोण, हे सगळ्या प्रेक्षागृहाला कळत होते. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. खाडिलकर लोकमान्यांच्या ‘केसरी’चे लेखक आणि संपादक. पहिल्या महायुद्धावर त्यांनी ‘चित्रमयजगत्’मध्ये लिहिलेली लेखमाला पाच खंडांत ग्रंथरूपाने निघाली. परमुलखातले युद्ध मराठी वाचकाला उलगडून सांगणारा आणि पुराणकथेतून सरकारला जाब विचारणारा, हे दोन्ही एकाच माणसात होते. १९३३ साली नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. भवभूतीने ज्या जातकुळीची वाट पाहिली होती, तिच्यात खाडिलकर बसतात.

इंग्रज गेल्यावर भय संपले नाही, त्याची दिशा बदलली. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक सरकारी परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले आणि त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षीच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाला नाना फडणविसांच्या चित्रणावरून विरोध झाला, आणि १९८० साली ते युरोपला निघाले तेव्हा तो पुन्हा उसळला. पहिल्या प्रसंगी दारात सरकारी मंडळ उभे होते, दुसऱ्या प्रसंगी जमाव. १८७६ चा कायदा आता रद्द झाला आहे. पण सूत्रधाराने सांगितलेले टपून बसलेले लोक कुठल्याच कायद्याने रद्द होत नाहीत.

म्हणून गोंदिया जिल्ह्याने भवभूतीकडे केवळ अभिमानाचे नाव म्हणून बघू नये. ज्या यात्रेच्या प्रेक्षकांवर त्याचा भरवसा होता, तो प्रेक्षक इथे जिवंत आहे. दिवाळी झाली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा गोवारी नाचतात, दुकाने लागतात, पाहुणेरावळे येतात. रात्री दंडार, खडी गंमत आणि नाटक. शामियान्यात खुर्च्यांवर आणि जमिनीवर माणसे पहाटेपर्यंत बसतात, रंगमंचासमोरच्या खड्ड्यातून सांगणारा नटांना संवाद सांगत असतो. खडी गंमतीचा शाहीर धानाच्या भावापासून पुढाऱ्यांच्या वचनांपर्यंत सगळ्यावर बोलतो आणि समोर बसलेला पुढारीही ते ऐकून घेतो. राजा आणि रयत एका जमिनीवर बसून नाटक बघण्याची सातव्या अंकातली ती बैठक अजून या मुलखात होते.

ती टिकवायची तर काय करावे लागेल, हे भवभूतीनेच सांगून ठेवले आहे. शाहिराला टोमणा मारू द्यावा लागेल, तो आपल्या पक्षाला, आपल्या जातीला, आपल्या देवालाही लागला तरी. आज जगात कुठे ना कुठे युद्ध चालूच आहे आणि प्रत्येक सत्तेला आपला वाक्पतिराज हवा आहे. अशा कवींचा तोटा कधीच पडत नाही. तोटा पडतो तो घोडा अडवणाऱ्या पोरांचा. आमगावच्या, सालेकशाच्या, देवरीच्या मंडईत एखाद्या रात्री मराठीत किंवा झाडीबोलीत ‘उत्तररामचरित’ उभे राहावे, लवाने सगळ्यांसमोर रामाला ते तीन प्रश्न विचारावेत, आणि कोणी उठून पडदा पाडायला जाऊ नये. शंबूकाच्या बाजूचा राहिलेला प्रश्नही आजच्या एखाद्या झाडीपट्टीच्या लेखकाने त्यात घालावा. शेवट बदलण्याचा अधिकार या मातीच्या नाटककाराने आपल्याआधीच बजावला आहे, तो आपण वापरायला हवा.